बिली बॉस्टन : टायगर बेपासून विगनपर्यंत

रग्बी लीग हा तेरा-तेरा खेळाडूंचा खेळ पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियनपासून १८९५ मध्ये वेगळा झाला, आणि त्यामागचे कारण निव्वळ रोख होते : सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई उत्तर इंग्लंडमधील कामगार खेळाडूंना मिळावी की नाही, हा तो वाद होता. या खेळातील विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, म्हणून बिली बॉस्टन यांच्या तोडीचे फार थोडे झाले. कार्डिफच्या टायगर बे या बंदरवस्तीत १९३४ मध्ये जन्मलेल्या बॉस्टन यांचे वडील सिएरा लिओनचे होते. युनियन खेळणाऱ्या या तरुणाला विगन क्लबने १९५३ मध्ये ३,००० पाउंड देऊन करारबद्ध केले, आणि पुढील पंधरा वर्षांत त्यांनी त्या क्लबसाठी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय, म्हणजे प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण, नोंदवले. सरासरी सामन्यामागे जवळजवळ एक, हे प्रमाण आजही अचंबित करते. १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर गेलेले ते ग्रेट ब्रिटनचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होते आणि तेथे त्यांनी ३६ ट्राय केले. तरीही १९५७ मध्ये विश्वचषकानंतर सहकारी दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळत असताना वर्णभेदामुळे त्यांना त्यांतून बाहेर राहावे लागले. नाइटहूड मात्र २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदीत मिळाले. रग्बी लीगमधील खेळाडूला मिळालेला हा पहिलाच किताब.