कोनं बनवलं?

पुठ्ठा लाटण्यावर वळतो आहे. त्याच्या पोटातल्या नळ्या कुठल्या बाजूनं धावतात ते बोटानं चाचपून, लाटणं त्यांना समांतर धरून, तळव्याचा दाब देत देत अकरावीतली ही पोरगी त्याला गोलाई आणते आहे. नळ्यांना आडवा वळवला की पुठ्ठा कडकन मोडतो, आणि ती चीर रंगाखालीही लपत नाही.

विदर्भातल्या मारेगावात एका घराच्या ओसरीवर मी बसलो आहे. भोवती कुलरच्या खोक्याचे तुकडे, फेविकॉलचा डबा, ब्लेड, इलास्टिकची भेंडोळी. मधोमध तिचा धाकटा भाऊ, दुसरीतला, दोन्ही हात लांब करून उभा. छातीवर, पाठीवर, मांड्यांवर लाल चिलखत चढलं आहे. राहिली आहे ती उजव्या खांद्याची वाटी.

"हालू नको नं बे!"

"गरम होऊन राह्यलं ताई."

"आयर्न मॅनले गरम नाही होत का? तो बोलते का असा?"

पोरगा गप्प होतो. घामाची धार कानामागून चिलखतात शिरते.

काल पोळा झाला. आज पहाटे दारादारावरचे मेढे, म्हणजे पळसाच्या फांद्या, उचलून गावाच्या शिवेबाहेर नेले. रोगराई घेऊन जा म्हणून मारबतीला सांगणाऱ्या आरोळ्या अंधारातच कानावर आल्या. श्रावण संपला, त्यामुळे गल्लीभर मटणाचा मसाला भाजल्याचा वास आहे. तिकडे नागपुरात या वेळी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे रस्त्यावर निघाले असतील, मागे बडगे नावाचे कागद-बांबूचे पुतळे. आणि इकडे चार वाजता तान्हा पोळा. काल मोठ्यांचे बैल मिरवले, आज पोरांचे लाकडी बैल मिरवायचे. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये लेकरांसाठी हा सण सुरू केला असं सांगतात. विदर्भात तो गावोगाव रुजला. चाकांचा लाकडी बैल दोरीनं ओढत पोरं घरोघर बोजारा, म्हणजे बक्षिसी, मागतात, आणि मैदानात बैलाच्या सजावटीबरोबर पोरांच्या वेशभूषेचीही स्पर्धा होते. त्या वेशभूषेसाठीच मी आलो आहे.

या चिलखताची गोष्ट अशी. पोरीनं आधी भावाच्या अंगाला जुनी वर्तमानपत्रं गुंडाळली, वरून चिकटपट्टी लावली, पेनानं शिवणीच्या रेघा मारल्या आणि त्या रेघांवरून कात्रीनं कापून कागद सोडवला. हा झाला साचा. ही युक्ती तिनं मोबाइलवर पाहिली. कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिकच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, वेश करून जाणारी पोरं अशीच मापं काढतात. ते लोक पुढं फोम वापरतात, गरम हवेनं वाकवतात. इथं फोमच्या जागी खोकं आहे आणि गरम हवेच्या जागी लाटणं. पुठ्ठा पावसात भिजू नये म्हणून त्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात दिले, मग ऑइल पेंट. तो लाल रंग बैलाच्या शिंगांचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बापानं शिंगं रंगवली, डब्याच्या तळाशी उरलं ते पोरीनं मागून घेतलं. शिरस्त्राणाच्या तोंडावरची सोनेरी पट्टी म्हणजे बैलाच्या बाशिंगातून वाचलेली बेगड. रंग अजून किंचित चिकट आहे. बोट लावलं तर ठसा उठतो. म्हणून ही शेवटची वाटी ती रंगवत नाही, बेगडीतच मढवते.

छातीत लावायच्या दिव्यावरून मात्र रात्री वाद झाला म्हणे. पोरीच्या मनात एलईडीची पट्टी होती, आणि ती फवारणीच्या पंपाच्या बॅटरीवर चालते. दोन्ही बारा व्होल्टच्या. पण बॅटरी सात वर्षांच्या पोराच्या पाठीवर बांधल्यावर तो मागे कलंडायला लागला. मग सायकलच्या मागचा छोटा दिवा काढला, त्यावर निळा जिलेटिन कागद ताणला. मला हा निर्णय फार आवडतो. वेश नुसता दिसून भागत नाही, तो घालून दोन तास चालता यावं लागतं. अंगावर चढवायची वस्तू बनवणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब करावा लागतो.

"आयर्न मॅनच काऊन?" मी पोराला विचारतो.

"त्यानं बी भंगारातूनच बनवला होता नं जी. गुहेत."

बरोबर सांगतो. 1963 साली कॉमिकमध्ये आलेल्या या नायकाच्या अंगी कुठलीही दैवी शक्ती नाही. कैदेत असताना हाताशी लागेल त्या सामानातून तो पहिलं चिलखत ठोकून काढतो. 2008 च्या सिनेमातही तसंच आहे. हे सात वर्षांच्या पोराला नेमकं कळलेलं आहे.

आई शिवणयंत्रावर आहे. जुन्या साडीच्या काठाची झूल शिवते आहे, वीतभर लाकडी बैलासाठी. बैल सागाचा, सुतारानं घडवलेला, थोरल्या बहिणीच्या लहानपणीचा. एक शिंग पुन्हा बसवलेलं आहे. आईच्या मते आजचा मान बैलाचाच, पोराचं सोंग नंतर. गुडघ्याच्या वाट्या इलास्टिकवर शिवून मात्र तिनंच दिल्या, कारण फेविकॉल कापडाला धरत नव्हता.

पोरगी वाटी बसवते, मागे सरून बघते आणि अचानक मला विचारते, "तिथं कॉमिक कॉनले इचारतात म्हणे, कसं बनवलं ते?"

विचारतात. भारतातला पहिला कॉमिक कॉन फेब्रुवारी 2011 मध्ये दिल्ली हाटमध्ये भरला, मग मुंबई, बंगळुरू, हैदराबाद अशी शहरं जोडली गेली. तिथल्या वेशभूषेच्या राष्ट्रीय विजेत्यांना शिकागोच्या जागतिक स्पर्धेत जायची संधी मिळाली आहे. अशा मोठ्या स्पर्धांत परीक्षक जवळ येऊन शिवण पाहतात, सांधे पाहतात, काय कशापासून केलं ते विचारतात. आयता विकत घेतलेला पोशाख तिथं फार पुढं जात नाही. मी तिला 1939 सालचीही गोष्ट सांगतो. न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तिथं दोघंच जण भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून गेले. फॉरेस्ट अकरमन आणि मर्टल डग्लस. दोघांचेही कपडे मर्टलबाईंनीच केले होते. कित्येक वर्षं नाव मात्र जास्त करून अकरमनचंच घेतलं गेलं.

पोरगी ऐकते, काही बोलत नाही. ब्लेडला लागलेला गोंद पुसते.

चार वाजून गेलेत. देवळासमोरच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं आहे. बाजूला गणपतीच्या मांडवाचे बांबू पडलेत, स्थापना तीन-चार दिवसांवर आली. लाकडी बैलांची रांग लागते: कुणाचा हातभर उंच, कुणाचा मुठीत मावेल एवढा, कुणाचा नुसता मातीचा. पण प्रत्येकाच्या शिंगाला काहीतरी चमकतं आहे. ढग खाली उतरलेत. झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणायला एक आजोबा उभे राहतात, पोरं शेवटच्या शब्दावर महादेवाचा गजर करतात, आणि आयर्न मॅनही मुखवट्याच्या आतून बेंबीच्या देठापासून ओरडतो.

वेशभूषांत मावळे आहेत, जिजाऊ, सावित्रीबाई, झाशीची राणी, एक गाडगेबाबा खापर नि खराटा घेऊन, धनुष्यबाण घेतलेला बिरसा मुंडा, एक बाहुबली. यातले बरेच पोशाख भाड्याचे आहेत. जरीची किनार एकाच हातची दिसते, मापं सैल, मागून सेफ्टी पिना. त्या आईबापांना मी नावं ठेवणार नाही. कपाशीला फुलं-पात्या धरल्या आहेत, निंदण, खत, फवारणी सगळं एकदम अंगावर आलेलं. ज्या घरात दोघंही रोजानं जातात, तिथं पोराच्या हौसेसाठी पैसे काढून पोशाख आणणं हीही माया आहे.

पण रांगेत दोन पोरं अशी आहेत की माझी नजर हलत नाही.

पहिली, पाच-सहा वर्षांची मुलगी. ती कपाशीचं झाड झाली आहे. हिरव्या झग्यावर गेल्या हंगामातली खरी बोंडं टाचलीत, सरकीसकट. खालच्या बाजूला मिटलेली, वर फुटलेली. पाठीमागे एका पानावर तांबडे डाग रंगवलेत. म्हणजे ज्यानं केलं त्यानं झाडावरचा लाल्या रोगही सोडला नाही. आजी शेजारी उभी आहे, बोंड सुटलं की लगेच सुईदोरा काढते.

दुसरा, जवळच्या एका पोडावरून, कोलामांच्या वस्तीवरून, आजोबांबरोबर आलेला मुलगा. घुसाडी झाला आहे. अंगाला राख, गळ्यात माळा, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा छोटा टोप. दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यातल्या आणि पलीकडच्या आदिलाबादकडच्या गोंड-कोलामांच्या गावांत दंडारीची पथकं निघतात, त्यात घुसाडी नाचतात. मोरपिसांचा मोठा मुकुट, त्याला शिंगं, दाढी, हातात दंड. हे करमणुकीचं सोंग नाही. घुसाडी झालेला माणूस सण उतरेपर्यंत अंघोळ करत नाही, नेम पाळतो. तेलंगणातल्या मारलवाईचे कनकराजू यांना या नृत्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. 2024 मध्ये ते गेले.

मी आजोबांना विचारतो, हा टोप घरातलाच का?

"नाही जी. तो देवाचा. तो असा नाही काढत." ते नातवाच्या डोक्यावरचा टोप सरळ करतात. "हा येगळा बनवला. पोट्ट्यासाठी. टोपलीचा हाय."

टोप खाली घेऊन ते दाखवतात. बांबूच्या जुन्या टोपलीचं बूड, त्यावर कापडी पट्टी, पट्टीत खोचलेली रानात गळून पडलेली पिसं. प्रत्येक पीस वेगळं बांधलं आहे. एक तुटलं तर तेवढंच बदलता यावं म्हणून, ते सांगतात. पूजेची वस्तू आणि मिरवायची वस्तू यांच्यात त्यांनी ही रेघ आपल्या हातानं आखली, आणि खेळातल्या टोपालाही तितकीच निगुती दिली.

परीक्षक तिघं आहेत. खुर्च्यांवर बसलेत, पुढं टेबल, टेबलावर कागद. पोरं एकेक करून पुढून जातात. नाव, वर्ग, "मी अमुक झालो आहे", एक पाठ केलेलं वाक्य, नमस्कार, पुढचा. कागदावर दोन रकाने: बैल सजावट, वेशभूषा. दहा पावलांवरून भाड्याची जर आणि घरची बेगड सारखीच चकाकते. उलट जर जास्तच.

इथंच मला अडायचं आहे. आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनापासून तान्ह्या पोळ्यापर्यंत वेशभूषेच्या असंख्य स्पर्धा होतात, आणि त्यात पोरगं काय दिसतं तेवढंच बघितलं जातं. त्या पोशाखामागं कुणी पुठ्ठा वळवला, कुणी बोंडं टाचली, कुणी पिसं बांधली, हे कुणी विचारत नाही. विचारलं नाही की पुढच्या वर्षी कुणी करतही नाही. भाड्याचा आणणं सोपं पडतं. कागदावर 'कोनं बनवलं' असा तिसरा रकाना आखायला एक पट्टी आणि एक पेन लागतो. तो आखावा, मोठ्या अक्षरांत आखावा, असं मला मनापासून वाटतं.

आयर्न मॅन टेबलासमोर येतो. छातीतला निळा दिवा लागतो, विझतो, त्यानं थाप मारली की परत लागतो. तेवढ्यात पावसाचे टपोरे थेंब सुरू होतात. बायका पदरांखाली बैल झाकतात. भाड्याची लक्ष्मीबाई पळते, कारण पोशाख भिजला तर भरून द्यावा लागेल. आयर्न मॅन उभाच. थेंब लाल छातीवर पडतात आणि घरंगळून खाली जातात.

तिघांतल्या अंगणवाडीच्या बाई खुर्चीतून उठतात. डोक्यावर फाइल धरून त्या टेबलाला वळसा घालतात, पोरासमोर वाकतात, खांद्याच्या वाटीवर टिचकी मारतात.

"पुठ्ठ्याचं हाय का रे हे?"

"हो जी."

"अन् भिजत कसं नाही? कोनं बनवलं?"

पोराला नाव आणि वर्ग पाठ आहे. याचं उत्तर पाठ नाही. पण ते पाठ असावं लागत नाही. तो सुटतो: खोकं कुलरचं, दुकानातून मागून आणलं, पेपर गुंडाळून माप घेतलं, मले गुदगुल्या झाल्या, फेविकॉल दोनदा, रंग शिंगाचा, बाबानं आधी नाही म्हटलं मग दिला, गुडघे मायनं शिवले, बॅटरी जड होती म्हणून काढली, सगळं ताईनं केलं, ती तिथं उभी हाय, ती पिवळ्या ओढणीची. मुखवट्यातून आवाज घुमतो. मैदानातली माणसं ओढणीकडे वळून बघतात. पोरगी मागे सरकते, पण हसू तिला आवरत नाही.

बाई आता सगळ्यांनाच विचारत सुटल्यात. कपाशीच्या झाडाला, घुसाडीला, गाडगेबाबाला. गाडगेबाबाचा खराटा त्यानं स्वतः बांधला आहे, शिंदीच्या पानांचा, आणि तो कसा बांधायचा ते तो टेबलावरच सोडून दाखवायला लागतो. दुसरे परीक्षक, निवृत्त गुरुजी, चष्मा पुसून घुसाडीचा टोप हातात घेऊन उलटापालटा करत आजोबांशी बोलत बसलेत. कार्यक्रम लांबतो. कुणी तक्रार करत नाही.

पाऊस पाच मिनिटांत ओसरतो. निकाल लागतो. पहिली कपाशी, दुसरा घुसाडी, तिसरा आयर्न मॅन. प्रत्येकाला स्टीलचा डबा आणि वही. आयर्न मॅनला डबा धरता येत नाही, पंज्याची बोटं मिटत नाहीत; तो दोन मनगटांत पकडून धावत येतो.

पोरगी त्याच्या खांद्याचे पट्टे सोडवते आहे. आतून पोरगा घामानं निथळतो आहे, गळ्याशी लाल रंग अंगाला लागला आहे, तो रॉकेलनं काढावा लागणार. तेवढ्यात तिच्याभोवती चार-पाच पोट्टे गोळा होतात. त्यातला भाड्याचा बाहुबली सगळ्यात पुढे.

"ताई, पुढच्या पोळ्याले मले बनवून देशीन?"

"काय बनवू?"

"थॉर."

"खोकं तू आणजो. अन् कापाले बसा लागीन माझ्यासंगं. नुसतं घालाले येशीन तं नाही देत."

"मले ब्लेड नाही चालवता येत."

"मंग शिक. आयतवारी ये."

बाहुबली मान हलवतो. मागचा एक जण विचारतो, त्याला फक्त हातोडा बनवायचा असेल तर चालेल का.