अनवाणी पावलांचं दुखणं

कथकच्या तत्कारात पाय जमिनीवर किती वेळा पडतो, याचा साधा हिशेब मांडून पाहा. मात्रा सेकंदाला एक धरली, तर चौगुणीत मिनिटाला २४० आघात. अर्धा तास रियाज केला तर ७,२००. एकेका पायाच्या वाट्याला ३,६००. वर घोट्यावर शंभर-दीडशे घुंगरांचं वजन. लावणीतले चाळही चांगलेच जड. आणि हे सगळं अनवाणी. धावणाऱ्याच्या पायात निदान बूट असतो. आपल्या नर्तकींच्या पायाखाली फक्त फरशी असते, आणि त्यांच्या पायदुखीत या फरशीचा दोष फार मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

सोसायटीचा हॉल, शाळेचा व्हरांडा, कुणाच्या घरची बाहेरची खोली अशा जागी बहुतेक क्लास भरतात. काँक्रीटवर बसवलेली टाइल आघात मुळीच शोषत नाही. तो टाचेतून नडगीत, नडगीतून गुडघ्यात चढत जातो. खाली पोकळी ठेवून लाकडी फळ्या बसवल्या, तर त्या किंचित दबतात आणि पायावरचा मार कमी होतो. पण भाड्याच्या हॉलमध्ये एवढा खर्च कोण करणार?

या माराची सर्वांत फसवी दुखापत म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. पावलात २६ हाडं असतात. त्यांपैकी बोटांच्या मागे असलेल्या पाच लांब हाडांत, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्यात, बारीक चीर पडते. पडल्याचं, आपटल्याचं काहीच आठवत नाही. आधी रियाज संपल्यावर दुखतं, मग रियाज चालू असताना, मग जिना उतरतानाही. पावलावर वरच्या बाजूने बोटाने चाचपत गेलं की एका नेमक्या जागी कळ येते. बोट जरा सरकवलं की नाही. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत पुष्कळदा काहीच दिसत नाही, आणि ‘हाड ठीक आहे’ म्हणून मुलगी पुन्हा घुंगरू बांधते. शंका उरली असेल तर एमआरआय करून घ्यावा. चीर भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी पाय आपटला, तर हाड पुरतं मोडू शकतं. बारीक दिसण्यासाठी जेवण तोडणाऱ्या, पाळी अनियमित झालेल्या मुलींची हाडं लवकर दगा देतात. हा विषय आईने आणि गुरूंनी संकोच न करता काढायला हवा.

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकताच टाचेत कळ येत असेल, तर बहुधा तळव्याचा पट्टा दुखावलेला असतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात. पोटरी आणि तळवा ताणण्याचा व्यायाम नेमाने केला, तर सहसा शस्त्रक्रियेची वेळ येत नाही. मात्र धीर महिनोन्‌महिने धरावा लागतो. भरतनाट्यममध्ये पायदुखीचं आणखी एक कारण असतं. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाजूंना वाकवून अर्धं बसताना, पाय खुब्यापासून बाहेर वळायला हवेत. खुबे तेवढे उघडत नसले की मुली नुसती पावलं बाहेर फिरवतात. मग कमान आत कोसळते, गुडघा पिळवटतो.

घोटा मुरगळतो तो बहुधा उत्सवाच्या स्टेजवर. घाईने ठोकलेल्या फळ्या, वर अंथरलेलं सैल कार्पेट, त्याची दुमडलेली कड. पाऊल आत वळतं आणि बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो. अशा वेळी तेल लावून रगडण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडावी. पहिले दोन दिवस पाय उंच ठेवावा, कापडात गुंडाळून बर्फ लावावा, पट्टी बांधावी. पाय टेकून चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायलाच हवा. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नाही. एका पायावर तोल सावरण्याचा सराव केला नाही, तर तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल उत्तम. कुरूप मात्र घरी ब्लेडने कापू नये, मधुमेह असेल तर मुळीच नाही.

गणपतीपासून दिवाळी पहाटपर्यंत आणि पुढे हिवाळी महोत्सवांत कार्यक्रमांची रांग लागते, आणि एरवी तासभर चालणारी तालीम एकदम तीन-चार तासांवर जाते. पायांना तेवढी सवय नसते, म्हणून तालमीचे तास आठवड्याआठवड्याने वाढवावेत. आयोजकांनी कलाकार येण्याआधी स्वतः स्टेजवर चालून फळ्या तपासाव्यात. आणि पालकांनो, क्लासची फी विचारण्याआधी मुलीला कुठल्या जमिनीवर नाचवणार आहेत, ते एकदा जाऊन पाहा.