भाजी चालेल, फोडणी नको

आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. दोन दिवसांवर एकादशी आणि मग चातुर्मास. जी घरे हे चार महिने कांदा-लसूण पाळतात, त्यांचा हा कांदा मनसोक्त खाण्याचा दिवस. पनवेलमधल्या जुन्या घरांत काय किंवा कामोठे, करंजाडे, खांदा कॉलनीतल्या इमारतींत काय, या दिवशी कांदाभजीची कढई चढते. बाहेर पाऊस, आत खमंग वास आणि स्वयंपाकघराच्या दाराशी शेपटी हलवत बसलेला घरचा कुत्रा. त्याच्यापुढेही दोन-चार भजी पडतात. रात्री उरलेला झुणका पोळीत कुस्करून त्याच्या ताटलीत जातो.

त्या दिवशी बहुधा काहीच होत नाही, आणि फसगत होते ती इथेच. कांद्याचा परिणाम कुत्र्याच्या रक्तावर होतो आणि तो दिसायला एक ते पाच दिवस लागू शकतात. कुत्रा मलूल होतो, जेवत नाही, दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकतो. हिरड्या फिकट पडतात, लघवी तांबूस किंवा काळ्या चहासारखी होते. तोवर भजी कुणाच्या लक्षातही नसतात.

कांदा, लसूण, कांद्याची पात ही सगळी एकाच कुळातली. त्यांचा उग्र वास ज्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो, तीच कुत्र्याच्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात. पेशीतले हिमोग्लोबिन बिघडते आणि त्याच्या गुठळ्या पेशीच्या कडेला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या ठिपक्यांना ‘हाइन्झ बॉडीज’ म्हणतात. अशा पेशी लवकर फुटतात, शरीर त्यांना बाद करते आणि रक्तक्षय होतो. ही माहिती नवी नाही. कांदा खाऊ घातलेल्या कुत्र्यांना रक्तक्षय होतो, हे अमेरिकेत १९३० सालीच प्रयोगाने दाखवले गेले होते.

मग माणसाला काही का होत नाही? आपल्या तांबड्या पेशींची अशा माऱ्यापासून बचाव करण्याची यंत्रणा अधिक भक्कम आहे. काही माणसांत मात्र ‘जी-सिक्स-पीडी’ हे विकर जन्मतः कमी असते. त्यांना मलेरियावरील प्रायमाक्विनची गोळी दिली तर त्यांच्याही तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी काळपट होते. कांदा खाल्लेल्या कुत्र्याच्या शरीरात घडते ते बरेचसे याच जातीचे. मांजर तर या बाबतीत कुत्र्याहून नाजूक.

किती कांदा धोक्याचा? कुत्र्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा एका वेळी पोटात गेला की विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, असे पशुवैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला सुमारे ५० ग्रॅम, एक लहान कांदा. ३० किलोच्या लॅब्रॅडॉरने एखादे भजे पळवले म्हणून घाबरून जायला नको. पण पाच-सहा किलोच्या पॉमेरियनच्या बाबतीत हिशेब फार लवकर भरतो. शिवाय थोडे थोडे रोज गेले तरी नुकसान साठत जाते. लसूण वजनाच्या मानाने कांद्याहून तीव्र. शिजवून, तळून किंवा वाळवून हा दोष जात नाही, आणि वाळवलेल्या कांदा-लसणाच्या पुडीत तो एकवटलेला असतो. अलिबागचा पांढरा कांदा चवीला गोड आणि कमी तिखट. उन्हाळ्यात त्याच्या माळा पनवेलच्या घराघरांत येतात. पण गोड लागला तरी तो कांदाच. त्याला सूट नाही.

याचा अर्थ कुत्र्याला भाजी वर्ज्य आहे, असा नाही. लांडग्यापासून कुत्रा झाला तो माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर जगत. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, पिष्टमय अन्न पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात ४ ते ३०. भात-पोळी कुत्र्याला पचते ती यामुळे. गाजर, दुधी, लाल भोपळा, फरसबी, मटार, काकडी, रताळे यांतले काहीही बहुतेक निरोगी कुत्र्यांना चालते. मीठ, तेल, मसाला न घालता उकडावे, बारीक करावे आणि थोडेच द्यावे. असा वरखाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावा. दुधी किसण्याआधी त्याचा कण चाखून पाहावा. कडू लागला तर तो माणसानेही खाऊ नये, कुत्र्यालाही घालू नये.

अडचण भाजीची नाही, फोडणीची आहे. आपल्या घरात साधी दुधीची भाजीही बहुधा कांदा-लसणावर परतलेली असते. ‘आमचा कुत्रा शुद्ध शाकाहारी आहे, आम्ही खातो तेच खातो’ असे कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा त्याच्या ताटलीत रोज किती कांदा जातो याचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो. उपाय अगदी सोपा आहे. कुत्र्याची वाटी फोडणी देण्याआधी बाजूला काढावी. सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्या कुत्र्यांना उरलेली बिर्याणी किंवा मिसळीचा रस्सा घालणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

स्वयंपाकघरातल्या आणखी काही वस्तू जपण्यासारख्या आहेत. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, त्यामुळे मनुका घातलेला शिरा त्याच्यासाठी नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे मत मांडले. हेच आम्ल चिंचेत भरपूर असते, म्हणून चिंचेची आमटीही नको. हिरवट पडलेला कच्चा बटाटा आणि कच्चे अळू टाळावे. पावसाळ्यात भाजलेले कणीस खाऊन उरलेला दांडा कुत्र्यापुढे टाकला जातो. तो गिळला गेला तर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची पाळी येते.

कुत्र्याने बराच कांदा खाल्ल्याचे ध्यानात आले तर लक्षणांची वाट पाहू नये. पहिल्या एक-दोन तासांत पशुवैद्याकडे पोहोचल्यास ते औषधाने उलटी करवून बराचसा कांदा बाहेर काढू शकतात. घरी मिठाचे पाणी पाजू नये, जादा मीठ स्वतःच विषारी ठरते. दूध हा उतारा नाही. कांद्याच्या विषावर नेमका उतारा असा नाहीच. रक्त फार कमी झाले तर प्राणवायू आणि दुसऱ्या कुत्र्याचे रक्त द्यावे लागते.

पनवेलच्या पावसाळ्यात आणखी एक गुंता असतो. गोचिडांमुळे होणारा ताप आणि लेप्टोस्पायरोसिस यांतही कुत्रा मलूल होतो, डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते. लेप्टो माणसालाही होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करावी. या तिन्ही आजारांचे उपचार वेगळे. रक्ताच्या तपासणीने फरक कळू शकतो, पण त्या दिशेने पाहायला सुचले पाहिजे.

म्हणून पशुवैद्याच्या टेबलावर कुत्र्याला ठेवताना ताप कधी आला, गोचिडी होत्या का, याबरोबर मागच्या पाच दिवसांत त्याच्या ताटलीत काय काय पडले तेही सांगावे. आजीने कौतुकाने घातलेली भजी, मुलांनी टेबलाखालून दिलेली पावभाजी, सगळे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. खाऊ घातले ते मायेनेच. निदान मात्र बहुतेकदा त्या एका वाक्यापाशी अडलेले असते.