अल्पमोली बास गिटारची पारख

मुंबईत धोबी तलावाच्या परिसरातील वाद्यांच्या दुकानांत भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेल्या दोन बास गिटारी पाहिल्या, तर त्यांचा आकार, तारांची संख्या, पिकअपची मांडणी आणि रंगाची चकाकी ही सारी इतकी सारखी असते, की एकीची किंमत वीस-बावीस हजार रुपये आणि दुसरीची दीड-दोन लाख का असावी, या प्रश्नाचे उत्तर सामान्य ग्राहकास तर राहोच, पण काही वर्षे वाजवीत आलेल्या हौशी वादकासही चटकन देता येत नाही. मग जो तो आपापल्या स्वभावानुसार दोहोंपैकी एक समजूत करून घेतो. एक पक्ष म्हणतो, की महाग ते चांगले आणि स्वस्त ते टाकाऊ. दुसरा म्हणतो, की वाद्ये दोन्ही सारखीच, बाकी सारे नावाचे पैसे. दोन्ही पक्ष वाद्य हाती न घेताच फैसला देऊन मोकळे होतात, एवढेच त्यांच्यातील साम्य.

या वाद्याची पारख करावयाची, तर त्याच्या जन्माची हकीकत प्रथम ध्यानात घ्यावी लागते. नृत्यगृहांतील वाद्यवृंदांत खर्जाचे काम पूर्वी डबल बास करीत असे. ते वाद्य माणसाहून उंच, वाहून नेण्यास अवजड, आवाजाने मोठ्या मेळ्यात दबून जाणारे आणि पडदे नसल्यामुळे सूर नेमका लावण्यास कठीण. विजेवर चालणारी, पडद्यांची आणि आडवी धरून वाजवावयाची बास करण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे पॉल टटमार्क यांनी 1930 नंतरच्या दशकात केला होता. पण तो रूढ झाला नाही. 1951 मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली आणि वाद्यवृंदाचा पाया बदलला. हे गृहस्थ वाद्यकारागिरांच्या परंपरेतले नव्हते; त्यांचा व्यवसाय रेडिओदुरुस्तीचा, आणि गिटार वाजविणे तर त्यांना येतच नव्हते. त्यामुळे लाकूड वाकविणे, पोकळ पेटी घडविणे, सरसाने सांधे जुळविणे या पिढीजात कौशल्यांच्या वाटेस न जाता त्यांनी एका सपाट भरीव फळीचे धड केले, तिला स्वतंत्रपणे तयार केलेली लांब मान, जिला वादक ‘नेक’ म्हणतात, ती चार स्क्रूंनी आवळली आणि तारांखाली चुंबक व तांब्याच्या वेटोळ्यांचा पिकअप बसविला.

येथेच स्वस्त बासच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. हाती घडविलेले व्हायोलिन आणि कारखान्यातले स्वस्त व्हायोलिन यांच्यात जातीचाच भेद असतो. परंतु जे वाद्य प्रथमपासूनच कारखान्यासाठी कल्पिले गेले, त्याच्या महाग आणि स्वस्त नमुन्यांत भेद असतो तो बहुतांशी प्रमाणाचा. 1957 मध्ये प्रिसिजनला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप मिळाला, 1960 मध्ये दोन पिकअपची ‘जॅझ बास’ आली, आणि आजच्या स्वस्त बासपैकी बऱ्याच जणींची मांडणी याच दोन नमुन्यांबरहुकूम असते. पुढे जपानी कारखान्यांनी या वाद्यांच्या नकला इतक्या उत्तम वठविल्या, की 1982 मध्ये खुद्द फेंडर कंपनीलाच जपानमध्ये ‘स्क्वायर’ या नावाने आपलीच स्वस्त आवृत्ती काढावी लागली. त्या पहिल्या वर्षांतील जपानी स्क्वायर आज संग्राहक शोधून शोधून घेतात. त्यानंतर उत्पादन कोरिया, चीन, इंडोनेशिया असे सरकत गेले. संगणकाच्या हुकमावर चालणारी कोरीवकामाची यंत्रे आली आणि धडाचा आकार, नेकची जाडी, पडद्यांच्या खाचांची अंतरे ही स्वस्त वाद्यातही बिनचूक येऊ लागली. इंडोनेशियातील सुराबाया येथील एकाच कारखान्यातून निरनिराळ्या नावांची वाद्ये बाहेर पडतात. तेव्हा माथ्यावरचे नाव हा गुणवत्तेचा दाखला नव्हे.

मग वाचविलेले पैसे वाचतात कोठे? ते वाचतात यंत्राला न जमणाऱ्या कामात. पडद्यांची टोके कानशीने गोल करणे, सर्व पडद्यांची उंची एका पातळीत आणणे, माथ्याजवळ तारा जिच्यावर टेकतात त्या ‘नट’ या पट्टीतील खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कोरणे, वाद्य जुळवून त्याची फेरतपासणी करणे, हे काम अनुभवी हाताचे आणि वेळखाऊ असते. त्यातच स्विच, पोटेन्शिओमीटर, खुंट्या यांचा दर्जा थोडाथोडा उतरविला जातो. सारांश, अल्पमोली बासची किंमत म्हणजे बव्हंशी न केलेल्या कामाची वजावट होय. ग्राहकाने पाहावयाचे ते एवढेच, की उरलेले काम मागाहून करून घेता येण्याजोगे आहे किंवा नाही.

चरकसंहितेत व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे जे वर्गीकरण आहे, ते या परीक्षेस चपखल लागू पडते. आणि वैद्याप्रमाणेच येथेही असाध्याची निश्चिती प्रथम करावी.

असाध्य दोष बहुतेक सारे नेकमध्ये असतात. बासच्या चार तारांचा मिळून ताण सुमारे 80 किलो वजनाइतका असतो आणि नटपासून धडावर तारा अडकविलेल्या ब्रिजपर्यंत त्यांची वाजती लांबी सर्वसाधारणपणे 34 इंच असते. एवढा भार ती लाकडी पट्टी अहोरात्र सोसत असते. म्हणून वाद्य डोळ्यासमोर बंदुकीसारखे धरून, माथ्याकडून धडाच्या दिशेने नेकच्या दोन्ही कडा न्याहाळाव्यात. कडा परस्परांशी समांतर न राहता एक वर आणि एक खाली जात असेल, तर नेकला पीळ पडला आहे, आणि असे वाद्य निम्म्या किमतीतही घेऊ नये. मग एका हाताने तार पहिल्या पडद्यावर आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या पडद्यावर दाबावी. ताणलेली तार म्हणजे आयती सरळ फूटपट्टी झाली. सातव्या-आठव्या पडद्याच्या आसपास तार आणि पडदा यांच्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे सुमारे 0.3 मिलिमीटरची फट दिसावी. ती अधिक असल्यास नेक पुढे वाकलेली आहे. मुळीच नसल्यास सपाट किंवा मागे वाकलेली. एवढ्यावरून वाद्य नापसंत करण्याचे कारण नाही, कारण नेकच्या पोटातील ट्रस रॉड ही पोलादी सळई पाव-पाव फेऱ्याने फिरवून बाक दुरुस्त करता येतो. मात्र ती फिरते, याची खातरजमा दुकानदाराकरवी तेथल्या तेथेच करून घ्यावी; सळईचे डोके झिजून किल्ली घसरत असेल, किंवा ती पुरती आवळूनही बाक जात नसेल, तर व्याधी असाध्य समजावी. जुन्या वाद्याच्या खरेदीत तर ही बाब सर्वांत महत्त्वाची. शेवटी, जाड ई आणि बारीक जी या कडेच्या तारा नेकच्या आपापल्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत ना, ते पाहावे. नेकचे स्क्रू सैल करून ती किंचित सरकविल्याने फरक पडतो. पण ब्रिजच जागा चुकून ठोकला असेल, तर इलाज नाही.

कृच्छ्रसाध्य दोष शोधण्यास तळहात आणि कान ही दोनच उपकरणे पुरतात. नेकच्या कडेवरून तळहात सावकाश फिरवावा. पडद्यांची टोके टोचत असतील, तर कानशीचे काम बाकी आहे. आपल्याकडे यास हवामानाचेही कारण असते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लाकूड दमट हवेने फुगते आणि पुण्याकडच्या किंवा मराठवाड्याच्या कोरड्या दिवसांत आकसते. धातूचे पडदे मात्र आकसत नाहीत, म्हणून जूनमध्ये गुळगुळीत भासलेली कड फेब्रुवारीत बोचू लागते. त्यानंतर ॲम्प्लिफायरला न जोडताच चारही तारांवर प्रत्येक पडदा एकेक वाजवावा. वीस पडद्यांच्या बासवर हे 80 स्वर होतात, आणि विक्रेत्याच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसू लागला तरी त्यांतला एकही गाळू नये. तंबोऱ्याला मिरजेचा कारागीर मुद्दाम जवारी काढून देतो. बासच्या पडद्यावर तार घासून उठणारी झणझण तिच्या जातीची नव्हे. सगळीकडे थोडीथोडी झणझण असेल, तर तार खाली बसली आहे, तो सुखसाध्य प्रकार. एकाच पडद्यावर ती होत असेल, तर शेजारचा पडदा उंच राहिला आहे, आणि तो घासून पातळीत आणण्यास जाणता कारागीर लागतो. नटमध्ये अडकून सूर लावताना ‘टिक्’ असा आवाज करीत उडी घेणारी तार, सैल खुंट्या, नॉब फिरविताना होणारी खरखर, केबल हलविताच जाणारा आवाज, हे सारे याच वर्गातले. त्यांपैकी एखाददुसरा पत्करावा. तिन्ही-चारही एकत्र असतील, तर दुरुस्तीचा आकडा खरेदीच्या आकड्याशी स्पर्धा करू लागतो.

सुखसाध्य दोषांनी मात्र कोणी बिचकू नये. तारांची पडद्यांपासूनची उंची बाराव्या पडद्यावर साधारणपणे 2 ते 2.5 मिलिमीटर असावी. दुकानातल्या वाद्यात ती बहुधा अधिक असते, आणि ब्रिजवरील खोगिरांचे स्क्रू फिरवून ती खाली आणणे हे काही मिनिटांचे काम आहे. बाराव्या पडद्यावर तारेस नुसते बोट टेकवून काढलेला स्वर आणि तेथेच तार दाबून काढलेला स्वर एकच यावयास हवा, कारण तेथे तारेची लांबी बरोबर निम्मी होते. दाबलेला स्वर चढा येत असेल, तर खोगीर मागे न्यावे, उतरता येत असेल तर पुढे. जुन्या गंजक्या तारांमुळे चांगले वाद्यही बद्द वाजते. बासच्या तारांचा संच म्हणजे किरकोळ खर्च नव्हे. पण अल्पमोली वाद्याच्या आवाजात एवढा पालट घडविणारा दुसरा खर्चही नाही.

याप्य म्हणजे बरे न होणारे, पण सांभाळून घेता येणारे. जॅझ बासच्या धर्तीवरील दोन्ही पिकअप पूर्ण खुले असता एकमेकांची घरघर मारतात; एकाचा आवाज कमी केला, की विजेच्या 50 आवर्तनांची गुणगुण पुन्हा डोके वर काढते. प्रिसिजनचा विभागलेला पिकअप या त्रासातून मुक्त असतो. बारीक जी तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो, कारण नेकचे स्वतःचे कंपन त्या स्वराची शक्ती शोषून घेते. हा दोष लाखाच्या वाद्यातही आढळतो, म्हणून त्यापायी स्वस्त वाद्यास कमी लेखू नये. तोच स्वर शेजारच्या डी तारेवर पाच पडदे पुढे मिळतो. पट्टा गळ्यात अडकवून दोन्ही हात सोडले असता माथा जमिनीकडे झुकत असेल, तर रुंद, खरखरीत पट्टा घ्यावा. तासभर उभे राहून वाजविणाराने या बाबीकडे दुर्लक्ष करू नये.

येथवर लाकडाच्या जातीचा उल्लेख आला नाही, याचे काही वाचकांस नवल वाटेल. पिकअप तारेचे हेलकावे टिपतो. भरीव धडाच्या वाद्यात तारा, पिकअप आणि वादकाचे बोट यांचा प्रभाव लाकडाच्या जातीपेक्षा कितीतरी ठळक असतो. स्वस्त बासमध्ये बासवुड, पॉप्लर, अगाथिस अशी लाकडे असतात. त्यांत स्क्रू घट्ट धरले जातात ना आणि वजन पेलते ना, एवढे पाहिले म्हणजे झाले. तीच गोष्ट जादा नॉबांची आणि 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या ‘ॲक्टिव्ह’ यंत्रणेची. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीतील ध्वनिमुद्रणांचा पाया ज्यांनी घातला, ते जेम्स जेमरसन एक पिकअप आणि दोन नॉब असलेल्या 1962 च्या प्रिसिजनवर, क्वचितच बदललेल्या तारांवर, उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवीत. त्याच किमतीत अधिक सोयी देणाऱ्या वाद्यात त्या सोयींचा पैसा पडद्यांच्या किंवा खुंट्यांच्या वाट्यातून तर काढला नाही ना, असा संशय घेणे हे ग्राहकाचे कर्तव्यच आहे.

आवाजाची परीक्षा ॲम्प्लिफायरशिवाय पुरी होत नाही, आणि अंदाजपत्रकात हीच बाब बहुधा विसरली जाते. बासच्या खर्ज ई तारेचे मूळ कंपन सेकंदास सुमारे 41 आवर्तनांचे. साध्या गिटारसाठी केलेल्या लहान ॲम्प्लिफायरला ते झेपत नाही, आणि वाद्य निर्दोष असूनही पातळ वाजते. उलट दुकानातील भारदस्त ॲम्प्लिफायरवर सामान्य बासही घुमते. म्हणून किंमत ठरविताना वाद्याच्या आकड्यात तारा, जुळवणीची मजुरी आणि योग्य ॲम्प्लिफायर यांचे आकडे मिळवून मगच दोन वाद्यांची तुलना करावी. या बेरजेत कित्येकदा दोन-तीन हजारांनी महाग, पण कारखान्यातच नीट जुळविलेले वाद्य स्वस्त पडते.

मराठी आणि गोमंतकीय घरांना हे वाद्य परके राहिलेले नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी मोठा वाटा उचलला. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांतील टोनी वाझ यांची बास आज रसिक नाव घेऊन ऐकतात. आता महाविद्यालयीन मुलेमुली वाढदिवसाच्या किंवा पहिल्या पगाराच्या पैशांतून बास घेतात, आणि अल्पमोली वाद्याचा प्रश्न खरा बिकट होतो तो त्यांच्यापाशी. निष्णात वादक सदोष वाद्याचा दोष वाद्यावर ठेवतो आणि त्यातूनही वाट काढतो. शिकाऊ मात्र उंच तारेने बोटे दुखू लागली, बाराव्या पडद्यावर सूर बेसूर आला, तर आपल्याच अंगी कला नाही असे समजून वाद्य माळ्यावर टाकतो. ज्याला पारख सर्वांत अधिक हवी, त्यालाच ती अवगत नसते. म्हणून खरेदीस जाताना वाजविणारा इसम बरोबर न्यावा, परतीची मुदत पावतीवर लिहून घ्यावी आणि हाती असलेल्या रकमेचा काही भाग जुळवणीसाठी आधीच बाजूला काढावा. असाध्य दोष नसलेली आणि नीट जुळविलेली वीस हजारांची बास शिकणाऱ्यास कित्येक वर्षे पुरते. ती अपुरी पडू लागेल, तेव्हा तिच्यात नेमके काय उणे आहे, हे सांगण्याइतका त्याचा कान तयार झालेला असेल, आणि महाग वाद्य घेण्यास तीच वेळ योग्य.