सनातनी म्हणजे सगळ्यातच सनातनी?

माणूस कुठल्या बाजूचा हे एकदा ठरलं, की त्याची बाकीची मतं आपणच परस्पर ठरवून टाकतो. अमका सनातनी, म्हणजे तो धर्मात कर्मठ, राजकारणात जुनाट, नाटकाच्या नावानं नाक मुरडणारा आणि खेळाच्या मैदानावरही सोवळं पाळणारा. तमका सुधारक, म्हणजे सगळं उलट. १८९० ते १९४६ या काळातल्या पुण्या-मुंबईकडे जरा जवळून पाहिलं तर या हिशेबात बसणारी माणसं फार थोडी सापडतात. तरीही काही समजुती इतक्या पक्क्या झाल्या आहेत, की त्या एकेक करून तपासाव्या लागतात.

गैरसमज: संमतिवयाच्या कायद्याला विरोध करणारे सगळे बालविवाहाचे कैवारी होते

१८६० च्या दंडसंहितेत मुलीचं संमतिवय दहा वर्षं होतं. कलकत्त्यात फुलमणी नावाची, अकरा वर्षांच्या आसपासची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीत मेली. १८९० मध्ये खटला उभा राहिला, पण बलात्काराचा गुन्हा काही लागू होईना. कारण कायद्याच्या लेखी तिची दहा वर्षं भरली होती. त्यानंतर, १८९१ च्या मार्चमध्ये, हे वय बारा करणारा कायदा झाला. त्यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या, वर्तमानपत्रांनी एकमेकांची लक्तरं काढली आणि टिळकांनी ‘केसरी’तून विधेयकावर कडाडून टीका केली.

इथपर्यंतचं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच टिळकांनी १८९० च्या ऑक्टोबरात तुळशीबागेतल्या सभेपुढे आपल्या सूचना मांडल्या होत्या. मुलीचं लग्न सोळाच्या आत करू नये, मुलाचं विसाच्या आत करू नये. चाळिशी उलटलेल्या पुरुषाला लग्न करायचंच असेल तर त्यानं विधवेशी करावं. हुंडा नको, विधवांचं केशवपन नको. वयाचा आकडा सरकारच्या आकड्यापेक्षा चारनं जास्त! अट एवढीच, की हे नियम सह्या करणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरात पाळावेत. परक्या सरकारला आमच्या घरात कायदा घेऊन शिरू देऊ नये, हा त्यांचा मुद्दा होता.

दुसरीकडे सुधारकही काही धर्मशास्त्र गुंडाळून बोलत नव्हते. डॉ. भांडारकर आणि न्यायमूर्ती तेलंग या विधेयकाच्या बाजूचे. पैकी भांडारकरांनी त्याच्या समर्थनार्थ स्मृतिवचनंच पुढे केली. पोथी दोन्हीकडे होती, भांडण अर्थावरून होतं.

टिळकांचा युक्तिवाद कागदावर चोख आहे. तो वाचताना एक गोष्ट मात्र मला खटकत राहते. सही करणाऱ्यांच्या घरातल्या मुली त्या नियमांनी सुटल्या असत्या. फुलमणी कुठल्याच सहीवाल्याच्या घरची नव्हती.

गैरसमज: कर्मठ पुणं एकमुखानं टिळकांच्या पाठीशी होतं

त्याच ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी शहरातली बडी मंडळी हजर होती. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी प्यालं, कोणी कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला. हा सगळा घाट गोपाळराव जोशी यांचा, डॉ. आनंदीबाईंचे पती, खोड्या काढण्यात पटाईत. पुढे हजर असलेल्यांची नावं ‘पुणेवैभव’मध्ये छापून आली आणि ब्राह्मणी पुणं हादरलं. ख्रिस्त्याच्या हातचा चहा!

सरदार नातूंनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेलं. चौकशीला शास्त्री नेमले गेले, पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, रंगलं. टिळकांनी धर्मशास्त्राचे दाखले देत वकिली थाटात आपली बाजू मांडली आणि काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, तरी त्यांच्यावरचा बहिष्कार टळला नाही. घरच्या कार्याला भिक्षुक मिळेनासे झाले. म्हणजे सुधारकांनी ज्यांना सनातन्यांचा पुढारी म्हणून झोडपलं, त्यांनाच सनातन्यांनी वाळीत टाकलं होतं. तिकडे रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांच्या अग्रणीनं प्रायश्चित्त घ्यावं, याचा सुधारकांना संताप आला. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत या दिवसांची घालमेल वाचायला मिळते.

एका चहाच्या पेल्यानं दोन्ही छावण्यांची शिस्त अशी मोडली. या प्रकरणाकडे आपण विनोदी किस्सा म्हणून पाहतो, पण घरातल्या लग्न-मुंजी अडणं हे त्या काळी हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

गैरसमज: राजकारणातला जहाल समाजातही जहाल, आणि इंग्रजांशी जुळवून घेणारा सगळीकडेच मवाळ

१९१७ हे एकच वर्ष घ्या. अथणीच्या सभेत टिळकांनी तेली-तांबोळी-कुणब्यांना कौन्सिलात जाऊन काय करायचं आहे, असा खोचक सवाल केला. स्वराज्य मागणारा सर्वांत मोठा आवाज तो, आणि कौन्सिलात कोणी बसावं याबद्दल त्याचं मत असं! त्याच वर्षी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. त्याआधी १९०२ मध्ये त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या होत्या. हेच महाराज ब्रिटिशांशी सलोखा राखून होते, आणि पुण्याची जहाल पत्रं त्यांना त्यावरून धारेवर धरत.

पुढच्या वर्षी, १९१८ च्या मार्चमध्ये, मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरली. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकारानं, सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली. देव जर अस्पृश्यता मानत असेल तर आपण त्याला देव मानणार नाही, अशा अर्थाचं टिळकांचं भाषण तिथलंच. ते आजही जयंती-पुण्यतिथीला हमखास ऐकवलं जातं. मात्र रोजच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा प्रतिज्ञेचं जे पत्रक तिथे निघालं त्यावर टिळकांची सही नव्हती, हे त्या व्यासपीठांवरून कोणी सांगत नाही.

गैरसमज: सनातन्यांना नाटकाचा तिटकारा होता

मुळीच नव्हता. १८८० मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगलं तेव्हापासून संगीत नाटकाचा हक्काचा प्रेक्षक हाच वर्ग होता. पुरुषानं शालू नेसून शकुंतला व्हावं याला त्यांची ना नव्हती. घरंदाज बाईनं रंगमंचावर उभं राहण्याला होती. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या, तोवर चित्रपटातल्या तारामतीचं कामही पुरुषानंच केलं होतं. आणि पुराणातली कथा म्हणजे निरुपद्रवी भक्तिभाव, असंही समजू नये. ‘केसरी’च्या गोटातल्या खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ चं. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सरकारलाही दिसला, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

गैरसमज: निदान क्रिकेटच्या मैदानावर तरी जात-धर्म नव्हता

ही समजूत सर्वांत भाबडी. मुंबईचं क्रिकेट उभंच राहिलं ते धर्मावर. आधी युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ पासून त्यात हिंदू, १९१२ पासून मुसलमान, आणि १९३७ मध्ये ‘इतर’ म्हणून पाचवा संघ. अशी ती पंचरंगी स्पर्धा. पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने मरीन लाइन्सच्या समुद्राकाठी शेजारी शेजारी उभे आहेत ते त्यामुळेच.

हिंदूंच्या संघात कोण, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. पळवणकर बाळू चांभार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखता राखता ते साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. युरोपियनांना हरवायचं तर हा गोलंदाज हवा, हे हिंदू क्लबातल्या ब्राह्मणांना कळत होतं. म्हणून त्यांना संघात घेतलं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या सुट्टीत बाळूंना चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यात.

सोवळं किती ताणायचं आणि कुठे सैल सोडायचं, याचा हिशेब इथे धावफलकाकडे पाहून होत होता. स्पर्धेत रीतसर शिरण्याआधीच, १९०६ मध्ये, हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा वाटा मोठा. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. एवढं करूनही हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना रीतसर कधी मिळालं नाही. ते मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ मध्ये, तेही बरीच रणं माजल्यावर. आणि विठ्ठलांच्या संघानं त्या वर्षी स्पर्धा जिंकली. दलितांच्या बाजूचा म्हणून बाळूंनाही एका चौकटीत बसवायला जावं तर तेही जमत नाही. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले ते थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात, आणि हरले.

पंचरंगीला खरा हादरा १९४० मध्ये बसला. हिंदू जिमखान्याची माणसं सल्ला मागायला वर्ध्याला गांधीजींकडे गेली, आणि खेळात असे धर्माधर्माचे संघ नकोत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. स्पर्धेच्या समर्थकांचा युक्तिवाद आजही ओळखीचा वाटेल: जुनी परंपरा आहे, लोकांना आवडते, मैदानावर कसलं वैर नसतं, राजकारण्यांनी खेळात लुडबुड करू नये. परंपरेची ही वकिली करणाऱ्यांत कोट-टायवाले, इंग्रजी शिकलेले, जिमखान्यात ऊठबस असणारे आधुनिक लोक होते. आणि परंपरा मोडा म्हणणारा माणूस तो, ज्यानं १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’त आपण सनातनी हिंदू आहोत असं कारणांसकट लिहून ठेवलं होतं.

गर्दी तरीही ओसरली नाही. १९४३ मध्ये ब्रेबोर्न स्टेडियमवर हिंदूंविरुद्ध सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी ‘इतर’ संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्यानं काढल्या. हजारे मराठी बोलणारे ख्रिस्ती; म्हणून त्यांची जागा ‘इतरां’त. सांगलीकरांनी त्या दिवशी कोणाच्या बाजूनं टाळ्या वाजवायच्या होत्या, याचं उत्तर जिमखान्यांच्या नियमावलीत नव्हतं. १९४६ मध्ये स्पर्धा बंद झाली, आणि संघ प्रांतांच्या नावानं उतरवणारी रणजी स्पर्धा तेवढी उरली.