नामशोधाचा विलंब व वेब-सर्व्हरची मंदगती

वेब-सर्व्हर मंदावला की दोष बहुधा यंत्राच्या शक्तीवर लादण्यात येतो व अधिक मोठ्या यंत्राची मागणी पुढे येते. तथापि प्रोसेसर जवळजवळ रिकामा असूनही प्रत्येक नवागताला काही सेकंद तिष्ठावे लागत असेल, तर संशय प्रथम नामशोधावर घ्यावयास हवा.

सर्व्हरला विनंती करणाऱ्या यंत्राचा केवळ आयपी पत्ता कळतो, नाव कळत नाही. ते हवे असल्यास पत्त्यातील अंकगट उलट क्रमाने मांडून डीएनएसकडे विचारणा करावी लागते, १९२.०.२.७ या पत्त्यासाठी ७.२.०.१९२.इन-अ‍ॅडर.आर्पा या नावाची. 'असे नाव नाही' हा नकार त्वरित मिळतो व तो निरुपद्रवी असतो. घात करते ते मौन. लिनक्समधील शोधक प्रत्येक नेमसर्व्हरची सामान्यतः ५ सेकंद वाट पाहतो व दोन फेऱ्या करतो. अर्थात् दोन्ही नेमसर्व्हर निरुत्तर असल्यास २० सेकंद व्यर्थ जातात. पहिलाच मृत असेल तर प्रत्येक शोधास ५ सेकंदांचा दंड पडतो. म्हणूनच ५ च्या पटीत येणारा विलंब हे या विकाराचे जवळजवळ निश्चित लक्षण होय. तेवढा काळ सर्व्हरची एक प्रक्रिया अडकून पडते. अशा पुष्कळ अडकल्या की ज्यांच्या पत्त्यात काही दोष नाही त्यांनाही रांगेत थांबावे लागते.

परीक्षकाची फसगतही येथेच होते. एकदा मिळालेले उत्तर नेमसर्व्हर काही काळ जपून ठेवतो. त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नात सारे सुरळीत भासते व तक्रार खोटी ठरविली जाते. यास्तव नव्या पत्त्यांवर 'गेटएंट होस्ट्स' ही आज्ञा चालवून वेळ मोजावी, आणि रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलीतील प्रत्येक नेमसर्व्हरला 'डिग'ने स्वतंत्रपणे विचारावे. केवळ डिगवर विसंबणे बरे नव्हे, कारण ती आज्ञा होस्ट्स फाइल पाहतच नाही.

अपॅचीमध्ये 'होस्टनेमलुकअप्स' हा निर्देश १.३ या आवृत्तीपासून मूलतः बंद असतो. त्यापूर्वी तो चालू असे. परंतु तो बंद असूनही प्रवेशाचे नियम पत्त्याऐवजी नावाने लिहिले असतील, तर सर्व्हर उलट व सुलट असे दोन्ही शोध करतोच. ही बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. नियम पत्त्यांनी लिहावेत. नोंदवहीत नावे हवीच असतील तर ती 'लॉगरिझॉल्व्ह'ने मागाहून भरता येतात. प्रतीक्षाकाळ १ सेकंदावर आणणे हा तात्पुरता उतारा होय. मृत नेमसर्व्हर यादीतून काढून टाकावाच लागतो.