गोचिडाची ओळख

गुरांच्या कानात, कासेभोवती आणि शेपटीखाली चिकटून राहणारा गोचीड सर्रास कीटक समजला जातो. प्राणिशास्त्रात मात्र तो कोळी आणि विंचू यांच्या वर्गात मोडतो. अंड्यातून निघालेल्या अळीला सहा पाय असतात, रक्त पिऊन तिने कात टाकली की आठ पायांचे अर्भक, म्हणजे निंफ, तयार होते आणि तेही रक्त पिऊन कात टाकते तेव्हा प्रौढ गोचीड बनतो. जात ओळखताना आकारावर भिस्त ठेवणे फसवे ठरते, कारण रक्ताने टम्म फुगलेली कोणत्याही जातीची मादी एरंडाच्या बीसारखीच दिसते. म्हणून भिंगाखाली मुखांगे, पाय आणि पाठीवरचे कठीण कवच पाहावे लागते.

गाईगुरांवर नेहमी आढळणाऱ्या ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लसची मुखांगे आखूड असतात आणि तो अळीपासून प्रौढ होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो. त्याच्यामार्फत पसरणारा बबेसिया हा एकपेशीय परजीवी तांबड्या रक्तपेशी फोडतो, त्यामुळे जनावराची लघवी कॉफीच्या रंगाची होते. हायलोमाची मुखांगे लांब आणि पायांवर फिकट-गडद पट्टे असतात. त्याच्यामुळे होणाऱ्या थायलेरिओसिसमध्ये तीव्र ताप येऊन लसिकाग्रंथी सुजतात आणि संकरित गाईंना त्याचा फटका अधिक बसतो. माणसाला होणारा क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापही हायलोमाच पसरवतो; २०११ मध्ये गुजरातेत त्याचे रुग्ण आढळले होते. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड एर्लिकिया या जिवाणूचा वाहक आहे.

कोकण-गोव्याच्या दृष्टीने महत्त्वाची जात मात्र हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही होय. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागली, माणसेही तापाने फणफणली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. हाच माकडताप २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पसरला. माणसाला तो बहुधा प्रौढ गोचिडाकडून नव्हे, तर निंफच्या चाव्यातून होतो. हे निंफ जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे असल्याने चावा रुग्णाच्या लक्षातही राहत नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्यांचा सुळसुळाट असतो आणि नेमका तोच काजूचा हंगाम असल्यामुळे बागेत पाचोळ्यातून बिया वेचणारी माणसे सहज त्यांच्या तावडीत सापडतात. गुरांना हा ताप सहसा बाधत नाही, पण रानात चरणाऱ्या गुरांच्या रक्तावर प्रौढ गोचीड पोसले जातात आणि त्यांची संख्या वाढते, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते.

अंगात रुतलेल्या गोचिडावर रॉकेल ओतण्याची किंवा त्याला चटका देण्याची पद्धत घातकच म्हणावी लागेल, कारण डिवचलेला गोचीड आपली लाळ जखमेत सोडू शकतो. बारीक चिमट्याने त्याला कातडीलगत धरून सरळ ओढून काढावे. रानात मेलेले माकड दिसल्यास त्याच्याजवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे, कारण कलेवर थंड पडू लागताच विषाणूग्रस्त गोचीड ते सोडून आसपासच्या पाचोळ्यात विखुरतात.